ॲन राणीचा टीपॉट, शिक्के मात्र व्हिक्टोरियाच्या काळातले?

निरगुडी

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. शेजारच्या इंग्लिश आजी, वय ८८, घर आवरून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी एक चांदीचा टीपॉट माझ्या हातात दिला. "हा क्वीन ॲन आहे, सांभाळ," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत गाडीत बसल्या.

टीपॉट लंबगोल, सपाट बुडाचा. खालच्या अर्ध्या भागावर उभ्या फुगीर पन्हळी आहेत, मोसंबी सोलून फोडी दिसाव्यात तशा. वरचा अर्धा भाग अगदी गुळगुळीत. मूठ काळ्या लाकडाची, झाकणाला बिजागरी. पाच-सहा कप चहा आरामात मावतो. बुडावर शिक्के आहेत: एक सिंह, एक मांजरासारखं तोंड, इंग्रजी मोठा ‘पी’ आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं.

मोबाइलवरच्या एका ॲपने ‘पी’ म्हणजे १७३० असं सांगितलं. नवऱ्याने तक्ता शोधला तर त्यात १८१० आणि १८९० सुद्धा निघालं. ॲन राणी तर १७१४ लाच गेली!

दोन प्रश्न आहेत. साल कुठलं? आणि १८९० असेल तर याला ‘क्वीन ॲन’ कसं म्हणायचं? लेक तेरा वर्षांची आहे, ती म्हणते, "आई, म्हणजे हा फेक आहे." मला ते पटत नाही, पण तिला काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही.

मोरपंखी

आधी त्यात चहा करा, साल मागाहून शोधू :) फोटो टाका ना.

कासारघाट

निरगुडी, तीन गोष्टी बघून सांगा. सिंह कुठे बघतोय, चालतोय त्या दिशेला की मान वळवून तुमच्याकडे? ते मांजराचं तोंड म्हणजे बिबट्या, लंडनची खूण. त्याच्या डोक्यावर मुकुट आहे का? आणि राजाचं किंवा राणीचं छोटं डोकं असलेला पाचवा शिक्का आहे का? भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा.

निरगुडी

सिंह डावीकडे चालतोय आणि बघतोयही तिकडेच. मुकुट नाही. राणीचं डोकं कुठेही नाही, बूड दोनदा तपासलं.

कासारघाट

मग १८९०. शंकाच नको.

लंडनमध्ये दरवर्षी अक्षर बदलायचं. एका फेरीत वीस अक्षरं, ‘ए’ पासून ‘यू’ पर्यंत, ‘जे’ वगळून. फेरी संपली की लिपी किंवा चौकट बदलून पुन्हा ‘ए’. साधं रोमन मोठं अक्षर १७१६, १७९६ आणि १८७६ या तिन्ही वर्षी सुरू झालेल्या फेऱ्यांत आहे, म्हणून ‘पी’ १७३०, १८१० आणि १८९० असा तीनदा येतो. ॲपने फक्त अक्षर वाचलं, शेजारचे शिक्के वाचलेच नाहीत.

१८२१ पर्यंत लंडनच्या बिबट्याला मुकुट होता आणि सिंह मान वळवून आपल्याकडे बघायचा. १८२१ नंतर बिबट्याचा मुकुट गेला आणि सिंह चालतोय त्याच दिशेला बघू लागला. त्यामुळे १७३० आणि १८१० दोन्ही बाद.

राजाच्या डोक्याचा शिक्का म्हणजे कर भरल्याची पावती. तो १७८४ ला सुरू झाला आणि १८९० ला कर उठला तसा बंद झाला. तुमचा टीपॉट त्याच वर्षाचा, म्हणून डोकं नाही. अक्षर मे महिन्यात बदलायचं, तेव्हा १८९० चा मे ते १८९१ चा मे या काळात तो चांदीच्या शुद्धतेच्या तपासणीला गेला होता असं खात्रीने म्हणता येईल. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी.

आणखी एक करा. झाकणाच्या आतल्या बाजूला शिक्के आहेत का ते बघा. झाकणावरही निदान सिंह असायला हवा. नसेल तर झाकण बदललेलं असू शकतं.

सांडगी_मिरची

वाचनखूण साठवली. सासूबाईंच्या ट्रेवरही चौकोनांत चार ठसे आहेत, पण सिंह नाही. ई, पी, एन, एस अशी अक्षरं आहेत. चांदीच ना?

कासारघाट

@सांडगी_मिरची, नाही. आत निकेलची मिश्रधातू आणि वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अक्षरं चौकटीत ठोकायची पद्धत मुद्दाम हॉलमार्कसारखी दिसते, त्यामुळे भले भले फसतात. ट्रे वापरा खुशाल, फक्त जोरात घासू नका. कोपऱ्यांवर मुलामा आधी उडतो.

शेफिल्डचा_पाऊस

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी शेफिल्डला बारा वर्षं आहे आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या मिलेनियम गॅलरीतल्या धातुकामाच्या कपाटांपुढे बराच वेळ घालवतो.

ॲन राणीच्या काळातला, म्हणजे १७०२ ते १७१४ मधला खरा टीपॉट तुमच्यासारखा नव्हताच. तो पेअरच्या आकाराचा, कधी अष्टकोनी, आणि इतका लहान की दोन्ही तळव्यांत मावेल. चहा तेव्हा इतका महाग होता की कुलूप लावलेल्या पेटीत ठेवायचे. पाच-सहा कपांचं भांडं कोण करणार? अंगावर नक्षी जवळजवळ नाही. सगळी शोभा घाटाची आणि कडेवर प्रकाश कसा पडतो त्याची.

मग पन्हळी कुठून आल्या? त्या मुख्यतः थोड्या आधीच्या, १६९० च्या दशकातल्या पेल्यांवर आणि दोन कानांच्या वाट्यांवर दिसतात. आणि सपाट बुडाचा लंबगोल घाट १७८० ते १८०० च्या सुमाराचा. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातल्या कारागिराने शंभर वर्षांचं अंतर असलेल्या दोन गोष्टी एकत्र केल्या आणि दुकानदाराने त्याला ‘क्वीन ॲन’ नाव दिलं. सोबत साखरेचं भांडं आणि दुधाचा जगही असेल, तिन्ही एकसारखे. असा जुळणारा संच ॲन राणीच्या काळी सहसा नसायचाच, तो रूढ झाला अठराव्या शतकाच्या शेवटी.

हे फक्त चांदीत झालं नाही. १८७० च्या दशकात रिचर्ड नॉर्मन शॉ लाल विटांची, पांढऱ्या खिडक्यांची घरं बांधत होता, त्यांनाही ‘क्वीन ॲन’च म्हणत. लंडनच्या बेडफर्ड पार्कमध्ये ती अजून उभी आहेत. भल्यामोठ्या, दाटीवाटीच्या सजावटीचा लोकांना वीट आला होता. जुन्या साधेपणाची ओढ लागली आणि त्या ओढीला त्यांनी एका राणीचं नाव दिलं.

ओवीकार

लेक बरोबर बोलते आहे. स्पष्ट लिहितो, राग नसावा. खरा टीपॉट लहान होता कारण चहा महाग होता, आणि साधा होता कारण त्या लोकांचा डोळाच तसा घडला होता. १८९० च्या माणसाने कारण सोडून दिलं आणि वरचं रूप तेवढं उचललं. आमच्या तालुक्यात सिमेंटचं ‘हेमाडपंती’ देऊळ झालंय. दगडावर दगड चुन्याशिवाय रचणं हे हेमाडपंतीचं मर्म, आणि इथे आत सळया, बाहेर दगडाच्या सांध्यांच्या रेघा रंगवलेल्या. श्रद्धेला माझा नमस्कार आहे, पण बांधकामाला मी हेमाडपंती म्हणणार नाही.

लीलाताई_बोरिवली

ओवीकार, मला हे मुळीच मान्य नाही. माझी ठुशी २००३ साली घडवलेली आहे. कोल्हापुरी साज सुनेला गेल्या वर्षी केला. मग काय ठुशी फेक झाली? सोनाराने गाठवलं आहे हातानेच, सोनं बावीस कॅरेटचंच आहे आणि पावतीवर तारीखही आहे. ‘ठुशी’ हे घडणीचं नाव आहे, सालाचं नव्हे. ‘क्वीन ॲन’ तसंच घडणीचं नाव समजा की.

निरगुडी

लीलाताई, हे लेकीला लगेच सांगितलं. ती म्हणाली, "पण ठुशी करायचं कुणी थांबवलंच नव्हतं ना." आता यावर काय बोलू?

कासारघाट

लेकीने नेमकं बोट ठेवलं. न तुटलेली परंपरा वेगळी आणि मध्ये खंड पडून पुन्हा उचललेली शैली वेगळी. इंग्लिश चांदीत हे उचलणं इतक्या वेळा झालं की एकोणिसावं शतक त्याशिवाय समजतच नाही. सगळ्यात आधी परत आलं ते रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली लाटा-शिंपल्यांची वळणदार शैली. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव त्यात आहे.

फ्रान्सने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं तेव्हा हजारो कुटुंबं पळून लंडनला आली. त्यात कसलेले चांदी-कारागीर होते. पॉल द लामरी हा असाच तान्हेपणी आलेला. १७३० आणि १७४० च्या दशकांत त्याच्या हातून जे निघालं ते बघताना चांदी थिजलेली आहे हे खरं वाटत नाही. लाट फुटते, शिंपला उलगडतो, डावी बाजू उजवीसारखी कधीच नसते. निकोलस स्प्रिमाँने १७४२ च्या सुमाराला युवराज फ्रेडरिकसाठी मिठाची भांडी केली, त्यांत खेकडे आहेत. कवचावरचा खरखरीतपणा आणि पायाचा प्रत्येक सांधा जिथल्या तिथे. हाच माणूस पुढे चेल्सीचा चिनी मातीचा कारखाना चालवत होता.

मग १७६० नंतर वारं फिरलं. हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही गाडली गेलेली रोमन शहरं उकरली जात होती, वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडम रोमन कलशांच्या आणि लोंबत्या माळांच्या आकृत्या काढत होता. चांदी सरळ, हलकी, समतोल झाली. हेस्टर बेटमनच्या कारखान्यातले मण्यांच्या कडेचे टीपॉट त्या काळातले. रोकोको अगदी जुनाट ठरलं.

आणि पन्नास-साठ वर्षांत, १८१५ ते १८२० च्या सुमाराला, तेच जुनाट रोकोको परत! याला कारणीभूत होते चौथा जॉर्ज आणि त्याच्याभोवतीचे उमराव, जे जुनी चांदी हौसेने विकत घेऊ लागले. त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याची चांदी १८२७ मध्ये क्रिस्टीज्‌मध्ये लिलावाला निघाली. रंडेल, ब्रिज अँड रंडेल ही राजाची पेढी जुने नग विकायची आणि त्याच वळणाचे नवेही घडवायची. गंमत म्हणजे तेव्हाचे लोक या शैलीला ‘चौदाव्या लुईची’ म्हणत, आणि रोकोको तर पंधराव्या लुईचं! नावाची गल्लत तुमच्या टीपॉटपासून सुरू झालेली नाही, निरगुडी.

दोन्ही रोकोको शेजारी ठेवले तर फरक कळतो. १७४० चं काम असमतोल असतं आणि मोकळी जागा सोडतं. १८४० च्या कामात फुलंच फुलं, चारी बाजूंना सारखी, बोट ठेवायला कोरी जागा नाही. खरबुजासारख्या फाकांचे टीपॉट त्याच वेळचे. मला १७४० चं जास्त आवडतं, पण १८४० च्या माणसाला फुलं आवडत होती आणि त्याने ती मनापासून ठोकली, हेही दिसतं.

मोरपंखी

कासारघाटदादा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका हो. +१००

हिशेबवही

शैलीबद्दल मला फार कळत नाही, पण १८९० म्हटल्यावर राहवलं नाही. मध्यमवर्गाच्या टेबलावर एवढा जड टीपॉट आला याचं एक साधं कारण भाव आहे.

जर्मनीने १८७० च्या दशकात चांदीचं चलन सोडून सोनं धरलं, अमेरिकेच्या नेवाडात चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या. लंडनमध्ये १८७३ ला औंसाला ५९ पेन्सच्या आसपास असलेली चांदी १८९४ मध्ये ३० पेन्सच्या खाली आली. वर औंसामागे दीड शिलिंगाचा, म्हणजे १८ पेन्सचा, कर होता तोही १८९० मध्ये उठला. शेफिल्ड-बर्मिंगहॅममध्ये दाबयंत्रं होतीच. मग चांदीचा टीसेट लग्नात द्यायची वस्तू झाली.

याच घसरणीने आपल्याकडे मात्र रुपया बुडाला. रुपया चांदीचा, त्यामुळे दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. विलायतेला पाठवायच्या रकमेसाठी इथून जास्त रुपये जाऊ लागले. शेवटी १८९३ च्या जूनमध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांनी आणलेली चांदी रुपयांत पाडून देणं बंद झालं. टीपॉट स्वस्त व्हायचं आणि टांकसाळीचं दार लागायचं कारण एकच.

शेफिल्डचा_पाऊस

हिशेबवही, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

फेकचा विषय निघालाच आहे तर माझी ठेच सांगतो, कुणाला उपयोग होईल. सहा वर्षांपूर्वी एका लिलावात मी ‘जॉर्जियन जग’ घेतला. अंगावर भरगच्च फुलं, पानं, वेली. शिक्के १७६० च्या दशकातले, स्वच्छ. घरी आणून खिडकीशी धरला तर चोच जिथे अंगाला जुळते तिथे आत डागकामाची रेघ. एका जाणत्या बाईंना दाखवला. त्यांनी त्यावर फक्त तोंडाची वाफ सोडली. वाफ बसली तसा चोचीभोवती वेगळ्या रंगाचा पट्टा उठला आणि दोन सेकंदांत नाहीसा झाला. मूळचा तो बिअरचा साधा मग. व्हिक्टोरियाच्या काळात कुणीतरी त्याला चोच लावली आणि अंगभर नक्षी ठोकली. फुलाची एक पाकळी तर सिंहाच्या पाठीवरून गेलीय, म्हणजे शिक्का आधीचा आणि फूल नंतरचं.

चोच लावून पुन्हा तपासणी न करता असा नग विकणं इथे बेकायदा आहे. जोडलेला भाग तपासून त्यावर नवा शिक्का हवा. मला पैसे परत मिळाले नाहीत. पण तेव्हापासून मी कुठलाही नग आधी वाफ देऊन बघतो.

सांगायचं म्हणजे, निरगुडीचा टीपॉट स्वतःचं साल बुडावर घेऊन उभा आहे. माझा जग मात्र १७६० चं साल पुढे करून १८५० चं अंग दाखवत होता. यातलं फसवं कोण?

ओवीकार

शेफिल्डचा_पाऊस, हा फरक मान्य. ‘फेक’ मागे घेतो. ‘नक्कल’वर अजून ठाम आहे. आणि ज्यांनी त्या साध्या मगावर फुलं ठोकली त्यांनी चांगल्या वस्तूची माती केली.

लीलाताई_बोरिवली

माती कशाला? आपल्याकडे पाटल्या मोडून तोडे करतात, आजीची मोहनमाळ मोडून दोन नातींना दोन चेन. मोड देऊन नवं घडवणं म्हणजे दागिना जिवंत ठेवणंच आहे. निदान तो मग वितळला तरी नाही.

शेफिल्डचा_पाऊस

दोघांच्याही म्हणण्याला एक उदाहरण आहे: बेरी स्पून. जत्रेसारख्या भरलेल्या जुन्या बाजारात हमखास दिसतात. मूळ चमचा तिसऱ्या जॉर्जच्या वेळचा, साधा, वाढायचा. पन्नास-शंभर वर्षांनी कारागिराने खोलगट भागात द्राक्षं, नासपती, पानं मागून उठावाने ठोकली, आतून सोन्याचा मुलामा दिला, दांड्यावर वेल कोरली. चार चमचे मखमलीच्या डबीत घातले की फळं वाढायचा संच तयार. चमचा उलटा केला की फळांचे खळगे मागे दिसतात, आणि दांड्याच्या मागचा जुना शिक्का ठोकताना थोडा चपटलेला असतो.

मला ते आवडत नाहीत. पण माझ्या बायकोने घेतलेले चार आमच्याकडे आहेत आणि आमरस वाढायला तेच निघतात. नवा भाग जोडलेला नसल्यामुळे यात बेकायदा काही नाही. ‘नंतर नक्षी केलेला’ असं विकणाऱ्याने सांगायला हवं, इतकंच.

तांबटआळी

ठोकण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं घराणं पुण्यातल्या तांबट आळीतलं. घडा किंवा बंब झाला की त्यावर शेवटी मठारकाम करतात. गुळगुळीत हातोडीने ओळीत ठोके द्यायचे, ठोक्याला ठोका लागून. त्याने तांबं कडक होतं आणि चमकतं. आमच्याकडे ठोके दिसायलाच हवेत, ते ओळीबाहेर गेले तर आजोबा भांडं परत चुलीवर टाकायला लावत.

लंडनला संग्रहालयात ओमर रॅम्सडेनचं काम बघितलं आणि थबकलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस, पण वाडगा जणू ट्यूडर राजांच्या पंगतीतला. अंगभर मठारल्यासारखे ठोके ठेवलेले, आणि ‘ओमर रॅम्सडेनने मला घडवलं’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर कोरलेला. जुने इंग्लिश चांदीवाले ठोके घासून पुसून टाकत, एकही दिसू द्यायचा नाही अशी त्यांची शिकवण. म्हणजे ठोके ठेवणं ही जुन्याची नक्कल नव्हेच, यंत्राच्या जमान्यात ‘हे हाताचं आहे’ असं सांगणं होतं. ॲशबी या रचनाकाराने १८८८ मध्ये कारागिरांचा गिल्ड, म्हणजे संघ, काढला त्यामागेही हेच.

त्याच्याही आधी प्युजिन हा वास्तुरचनाकार. चर्चची भांडी आणि टेबलावरची चांदी त्याला मध्ययुगातली गॉथिक हवी होती, आणि फक्त रूप नको, सचोटी हवी होती. सजावट असेल तर ती बांधणीचीच असावी, उगाच चिकटवलेली नसावी, असं तो १८४१ मध्ये छापून मोकळा झाला. बर्मिंगहॅमचा हार्डमन त्याचं काम घडवायचा. ओवीकार, तुमचं हेमाडपंतीवरचं म्हणणं प्युजिनला फार आवडलं असतं.

ओवीकार

तांबटआळी, हे वाचून बरं वाटलं. मठारकामाचे फोटो असतील तर जरूर टाका.

निरगुडी

शाळेतून आल्यावर लेक हा धागा वाचते आहे, मराठी वाचायचा एवढा उत्साह पहिल्यांदाच. तिचा प्रश्न: काळवंडलंय ते साफ करायला दादरची आजी सांगते तसं रांगोळी नाहीतर दंतमंजन वापरू का?

लीलाताई_बोरिवली

आम्ही दिवाळीला निरांजनं दंतमंजनानेच घासतो बाई, लख्ख निघतात.

कासारघाट

नको नको! निरांजनाचं ठीक, याला नको. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. शंभर वर्षं घासलेल्या नगांवर सिंहाचा नुसता डाग उरलेला मी बघितलाय. कोमट पाणी, साधा भांड्यांचा साबण, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडं करा. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा हा उपायही टाळा. पन्हळींच्या खाचेतला काळेपणा त्याने सरसकट निघतो आणि उठाव सपाट दिसतो. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका. डिशवॉशर तर अजिबात नाही.

मूठ चांदीची असती तर तिच्यात दोन पांढऱ्या चकत्या दिसल्या असत्या, उष्णता अडवायला. त्या बहुतेक वेळा हस्तिदंताच्या असतात. तसा नग इंग्लंडमध्ये विकायचा झाला तर २०१८ च्या हस्तिदंत कायद्याखाली आधी नोंदणी करावी लागते. लाकूड आहे, तेव्हा तुमची ही काळजी मिटली.

कच्छी_माडू

अंधेरीहून नमस्कार. मराठी शाळेत शिकलो, घर मूळ भुजचं. आमच्याकडचे चांदी-कारागीर उमरसी मावजी यांनी इंग्रज गिऱ्हाइकांसाठी टीपॉट केले, घाट विलायती आणि अंगावर कच्छी वेलबुट्टी, तिच्यात हरणं, पक्षी, शिकारी. आज लंडनच्या लिलावांत त्यांचं काम हातोहात जातं. मद्रासला पी. ऑर अँड सन्स देवदेवतांच्या मूर्तींची ‘स्वामी’ चांदी करत. जुनी शैली नव्या भांड्यावर चढवणं तेव्हा सगळीकडेच चाललं होतं.

कासारघाट

निरगुडीच्या मूळ प्रश्नावर परत येतो. १८९० च्याच आसपास ‘क्वीन ॲन’ का? भाव उतरला, हे हिशेबवहींनी सांगितलं. साधेपणाची ओढ, हे शेफिल्डचा_पाऊस यांनी. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याआधी हॉलमार्कचं अक्षर वाचून साल सांगणं सामान्य माणसाला जमतच नव्हतं. ऑक्टेव्हियस मॉर्गन यांनी अक्षरांचे तक्ते १८५३ मध्ये छापले, चॅफर्स यांचं पुस्तक १८६३ मध्ये आलं, क्रिप्स यांचं १८७८ मध्ये. मध्ये १८६२ ला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये घरोघरची जुनी चांदी उसनी आणून प्रदर्शन भरलं.

आणि चित्र पालटलं. तोवर जुनी चांदी म्हणजे मोड. घाट जुना झाला की सोनाराकडे टाका, वितळवा, नव्या चालीचं घ्या. खऱ्या ॲन राणीच्या काळातले कितीतरी टीपॉट असेच मुशीत गेले. आता कपाटातल्या भांड्याचं बूड उलटून लोक साल वाचू लागले. जुन्याला किंमत आली. ज्याला खरं परवडत नव्हतं त्याने त्या वळणाचं नवं घेतलं, आणि ज्याच्याकडे खरं होतं त्याने ते वितळवायचं थांबवलं. निरगुडी, तुमचा टीपॉट ज्या आवडीतून जन्मला त्याच आवडीने मूळचे टीपॉट वाचवले. मी त्याला नक्कल म्हणणार नाही.

अर्थात सगळंच तसं नाही. ‘क्वीन ॲन’ वळणाचे माशाचे सुरी-काटे मिळतात, आणि तिच्या काळी माशाचा वेगळा सुरी-काटा नव्हताच. जुन्या काट्यांना तीन दाते, ते टेबलावर पालथे ठेवत, म्हणून घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरलेलं. व्हिक्टोरियाच्या वेळचे तेच वळण गिरवतात, पण दाते चार आणि चिन्ह पुढच्या बाजूला.

ओवीकार

कासारघाट, मुशीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. हेमाडपंती सिमेंटच्या देवळाने एकही जुनं देऊळ वाचवलेलं नाही, उलट एक पाडून ते झालंय. म्हणून माझा राग तिथे होता. इथे उलटं घडलं. निरगुडी, लेकीला माझ्याकडून सांगा की मी शब्द बदलला.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजींना फोन केला. हा टीपॉट त्यांच्या आजीला लग्नात मिळाला होता, साखरेचं भांडं आणि दुधाचा जग दोन्ही युद्धाच्या वेळी विकावे लागले. "आमच्या घरात त्याला कायम क्वीन ॲनच म्हणायचे," त्या म्हणाल्या. मी १८९० सांगितलं तर खूप हसल्या आणि म्हणाल्या, "मग आजीचं लग्न झालं तेव्हा तो अगदी नवाकोरा होता!" हे त्यांना इतकं आवडलं की दोनदा म्हणाल्या.

लेकीने एक चिठ्ठी लिहून आत ठेवली आहे, मराठीत: "लंडन, १८९०. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात ॲन राणीच्या नावाने घडवला." खाली आजींच्या आजीचं नाव.

रविवारी त्यात चहा केला. गवती चहा आणि आलं घालून. मूठ तापली नाही, चोचीतून एक थेंब सांडला नाही.

मोरपंखी

अखेर चहा झाला! आता शांत झोप लागेल.

कासारघाट

झाकणाच्या आत बघायचं राहिलं की हो.

निरगुडी

राहिलं नाही दादा, धुताना बघितलं. सिंह आहे, डावीकडे बघणारा. शेजारी ‘पी’.